गिअरची कुरकुर आणि आमचे रजिस्टर

आमच्या वस्तीत यंत्राचा आवाज ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही. शिलाई मशीन जड चालू लागले की शेजारच्या ताई पायडलवरचा पाय न काढताच म्हणतात, “तेल मागतंय.” पाण्याचा पंप हवा ओढू लागला की दारात पडलेला म्हातारा माणूसही उठून बसतो. रिक्षा चालवणारी मुले गिअर टाकतानाच्या आवाजावरून क्लच प्लेटचे दिवस मोजतात. कष्टकरी माणसाचे अर्धे शिक्षण कानाने झालेले असते.

आम्ही मात्र कागदाचे माणूस. बी. कॉम. झालो आणि औद्योगिक वसाहतीतील रबराच्या एका कारखान्यात देखभाल खात्याचे कारकून म्हणून लागलो. कुठले यंत्र केव्हा बंद पडले, कोणी दुरुस्त केले, कोणता सुटा भाग लागला, ओव्हरटाइम किती झाला, हे रजिस्टरात लिहिणे आमचे काम. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतील मुलांचा अभ्यासवर्ग, कुणाचा दाखला, कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज. एकूण काय, दिवसभर कागद आणि रात्रीही कागद. आपण यंत्राला हात लावत नाही, तेव्हा यंत्र मोडण्यात आपला काही भाग असू शकत नाही, असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटत होते. तो गैरसमज २०१८ साली दूर झाला. कसा ते सांगावे म्हणून हा लेख.

आमच्या कारखान्यात रबर मळणारी यंत्रे आहेत. दोन जाडजूड लोखंडी रोल एकमेकांकडे फिरतात आणि त्यांच्या फटीत रबर, काजळी, रसायने मळली जातात. मोटार मिनिटाला १५०० फेरे घेते, पण रोल सावकाश आणि जोराने फिरावे लागतात. म्हणून दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स असतो. छोट्या गिअरचे दाते मोठ्या गिअरच्या दात्यांना ढकलतात, वेग कमी होतो आणि ताकद वाढते. या पेटीवरच सगळा भार. मिक्सिंग थांबले की पुढचे खातेही थांबते.

या खात्यावर एक जुने फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. सकाळी पाळी सुरू झाली की ते एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेत, त्याचे टोक गिअरबॉक्सच्या बेअरिंगपाशी टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. लोखंडातून आलेला आवाज हाडातून कानात जाई. अर्ध्या मिनिटात त्यांची तपासणी संपे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ते एकदा आमच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, दोन नंबरच्या गिअरबॉक्सचा सूर बदललाय. आधी गुणगुणायचा, आता मधेच टक-टक करतोय. लिहून ठेवा.”

आम्ही हसून म्हणालो, “काका, रजिस्टरात तारीख आहे, बिघाड आहे, सुटा भाग आहे. सुराचा रकाना नाही.”

तेही हसले आणि गेले. आम्हांला आमच्या विनोदाचे कौतुक वाटले.

आमच्या बेफिकिरीला कागदाचा आधारही होता. महिन्यातून एकदा बाहेरच्या एका संस्थेचा माणूस येऊन यंत्रांची कंपने मोजून जाई. तो चुंबकाने एक छोटा सेन्सर पेटीवर चिकटवी, हातातल्या यंत्रावर आकडा येई आणि अहवाल आमच्याकडे. दोन नंबरच्या गिअरबॉक्सचे आकडे होते मे महिन्यात २.१, जूनमध्ये २.४, जुलैमध्ये २.९ आणि ऑगस्टमध्ये ३.६. ही कंपनाची गती, सेकंदाला मिलिमीटरमध्ये. आमच्या तक्त्यात धोक्याची मर्यादा ४.५ लिहिलेली होती. चारही वेळा आम्ही पुढे ‘मर्यादेत’ असा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो मोजणी करणारा माणूस केव्हा यावा हे आम्हीच ठरवत असू. कामात अडथळा नको म्हणून आम्ही त्याला जेवणाच्या सुट्टीत बोलावत असू. त्या वेळी यंत्र रिकामे फिरत असे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला दोन नंबरचा गिअरबॉक्स मोठा आवाज करून बंद पडला. मोठ्या गिअरचे दोन दाते तुटले होते. त्यांचा तुकडा दुसऱ्या दात्यांत अडकून छोटा गिअर आणि एक बेअरिंगही गेले. कुणाला इजा झाली नाही एवढे बरे. नवा गिअर गोदामात नव्हता, तो बाहेरून करून आणावा लागला. यंत्र अकरा दिवस बंद राहिले.

आम्ही पगारी माणसे, आमचा एक रुपया कापला गेला नाही. पण त्या खात्यावर चौदा कंत्राटी कामगार होते. ठेकेदाराने त्यांना घरी बसवले. काम नाही तर दाम नाही. त्यांतले पाच जण आमच्याच वस्तीतले. आठव्या दिवशी त्यांतल्या एकाच्या घरची ताई आमच्याकडे आली आणि आमच्या सहचारिणीजवळ बसून हळू आवाजात तीनशे रुपये मागितले. गॅस संपला होता. आम्ही आतल्या खोलीत होतो. ‘मर्यादेत’ हा आमचाच शेरा त्या रात्री आमच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या ताईंची मुलगी आमच्या अभ्यासवर्गातून पुढे गेलेली. शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीनंतर ती आली आणि म्हणाली, “काका, प्रोजेक्टला मी गिअरच्या कंपनांचा विषय घेतलाय. बाबांच्या खात्यावर गिअरबॉक्स गेला ना, त्याचे आकडे मिळतील का?” आम्ही अभियंता साहेबांची रीतसर परवानगी घेऊन चारही आकडे तिला दिले. तिने तिथेच आलेखाच्या कागदावर चार ठिपके काढून रेघेने जोडले. रेघ वर वर चढत गेली होती. ती सहज म्हणाली, “काका, हे तर दिसत होतं.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. पण दरमहा आकडे लिहिणारे आम्ही, आणि ते एकाखाली एक मांडून पाहण्याचे बी. कॉम. झालेल्या माणसाला सुचले नाही! जमाखर्चात दरमहा खर्च असा वाढत गेला असता तर आम्हीच ओरडलो असतो.

मग आम्ही तिच्याकडूनच शिकलो. वाचकहो, ती विद्या अवघड वाटते, पण मुळातली गोष्ट साधी आहे. आमच्या गिअरबॉक्समधील पहिल्या जोडीचेच उदाहरण घेऊ. मोटार मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५. तिच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला २० दाते. प्रत्येक फेऱ्यात २० वेळा दात्याला दाता भिडतो, म्हणून सेकंदाला २५ गुणिले २०, म्हणजे ५०० वेळा. हा त्या जोडीचा नेहमीचा सूर. मोठ्या गिअरला ८० दाते, म्हणजे त्याचा वेग चौथा हिस्सा, सेकंदाला सव्वासहा फेरे. सव्वासहा गुणिले ८०, पुन्हा ५००. दोघांचा हिशेब जुळतो. मिस्त्रीकाकांना जे गुणगुणणे ऐकू येई ते हेच.

आता मोठ्या गिअरचा एकच दाता तडकला असे समजा. तो कमजोर दाता भार घेताना जास्त वाकतो आणि एक बारीक धक्का बसतो. हा धक्का त्या गिअरच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा वेळा बसतो. छोट्या गिअरचा दाता तडकला असता तर धक्के सेकंदाला २५ बसले असते. ‘मधेच टक-टक’ असे काका म्हणाले ते याच धक्क्यांना. त्यांच्या कानाने बिघाड तर सांगितला होताच, शिवाय तो कोणत्या गिअरचा याचीही खूण दिली होती.

मग सेन्सरच्या आकड्याने का सांगितले नाही? तर तो आकडा म्हणजे एक प्रकारची सरासरी होती. सरासरीचा स्वभाव आम्ही कॉमर्सवाल्यांनी ओळखायला हवा होता. दहा घरांची कमाई प्रत्येकी वीस हजार आहे. त्यांतल्या एका घरचा माणूस कामावरून गेला आणि कमाई शून्य झाली. दहा घरांची सरासरी किती झाली? अठरा हजार. कागदावर थोडासाच फरक. प्रत्यक्षात एक चूल विझलेली. ऐंशी दात्यांपैकी एक तडकला तेव्हा असेच होते. एकोणऐंशी दाते गुणगुणत राहतात आणि सरासरी म्हणते, ठीक आहे.

म्हणून या विद्येत सरासरीखेरीज दुसरी मापे वापरतात. त्यांतल्या एकाचे नाव ऐकून आम्ही चमकलो. कर्टोसिस! संख्याशास्त्राच्या वहीत हा शब्द आम्ही उतरवून घेतला होता आणि परीक्षेत त्यावरचा प्रश्न सोडून दिला होता. मध्यापासून प्रत्येक नोंद किती लांब आहे तो आकडा घेऊन त्याचा चौथा घात करायचा, म्हणजे तोच आकडा चार वेळा मांडून गुणायचा. अंतर २ असेल तर १६ येतात. अंतर १० असेल तर दहा हजार! मग एखाददुसरा मोठा धक्काही गर्दीत लपून राहू शकत नाही. नुसत्या साध्या गोंगाटात ही संख्या ३ च्या आसपास असते. टोकदार धक्के येऊ लागले की ती चढते.

पण हे मापही डोळे मिटून वापरू नये. बिघाड वाढून पुष्कळ दाते खराब झाले की धक्केच धक्के बसू लागतात, आणि मग तीच संख्या पुन्हा खाली येऊ शकते. सगळेच दुखू लागले की दुखणे हीच रीत होऊन बसते. म्हणून एका दिवसाचा आकडा पाहून भागत नाही, महिन्यामहिन्याची नोंद लागते.

दुसरी युक्ती आम्हां कारकुनांच्या अगदी जवळची आहे. दांडा एक फेरा पूर्ण करतो तेव्हा खूण मिळण्याची सोय करतात. मग प्रत्येक फेऱ्याचे कंपन हे रजिस्टराचे एक पान समजायचे. अशी शंभर-दोनशे पाने एकावर एक ठेवून उभ्या बेरजा करायच्या आणि सरासरी काढायची. जो गोंगाट आज इथे, उद्या तिथे, तो आपसांत विरून जातो. जे दर पानावर त्याच जागी आहे तेवढे शिल्लक राहते. तडकलेला दाता दर फेऱ्याला त्याच जागी येतो, म्हणून तो उघडा पडतो. ही सरासरी मघाच्या सरासरीसारखी ऐंशी दात्यांना एकत्र मिसळत नाही. प्रत्येक दात्याची जागा वेगळी ठेवते. सरासरी सगळ्यांची घ्यायची की प्रत्येकाची, यात एवढा फरक पडतो.

तिसरी युक्ती म्हणजे आवाज सुटा करणे. फ्रान्समध्ये जोसेफ फूरिए नावाचा गणिती होऊन गेला. जन्म १७६८ चा, शिंप्याचा मुलगा, लहानपणीच आईबाप गेलेले. उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करताना त्याने दाखवले की कितीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. त्याचा ग्रंथ १८२२ साली निघाला. हा हिशेब हाताने करायला फार वेळ लागे. १९६५ मध्ये कूली आणि टुकी या दोघांनी तो संगणकावर झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली. आता सेन्सरकडून आलेल्या गोंगाटाचा असा हिशेब केला की आलेखावर ५०० च्या जागी एक उंच रेघ उभी राहते. दाता बिघडला की तिच्या दोन्ही बाजूंना लहान रेघा उगवतात. त्यांच्यातले अंतर २५ असेल तर दुखणे छोट्या गिअरचे, सव्वासहा असेल तर मोठ्याचे. पेटी न उघडता रोगी सापडतो.

मात्र हे सारे यंत्र भाराखाली असताना मोजले पाहिजे. रिकाम्या यंत्रात दात्यावर जोर नसतो, तेव्हा तडकलेला दाताही गप्प बसतो. आम्ही मोजणी करणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत बोलावत होतो, म्हणजे काय करत होतो ते आम्हांला तेव्हा कळले.

त्या मुलीच्या सरांनी तिला हेलिकॉप्टरच्या अपघातांविषयी वाचायला सांगितले होते. ती वाची आणि आम्हांला सांगे. उत्तर समुद्रातील तेलविहिरींवर कामगारांची ने-आण हेलिकॉप्टरने होते, जशी आपल्या मुंबई हायवर होते. हेलिकॉप्टरच्या पंख्याचा सगळा भार गिअरबॉक्सवर असतो आणि तो तुटला तर आकाशात यंत्र बाजूला घेऊन थांबता येत नाही. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ब्रिटनच्या शेटलंड बेटांजवळ चिनूक जातीचे हेलिकॉप्टर एका गिअरच्या बिघाडाने समुद्रात कोसळले. त्यातील ४७ पैकी ४५ माणसे मेली. त्यानंतर गिअरबॉक्सच्या कंपनांवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा बसवण्याच्या कामाला जोर आला आणि १९९० च्या दशकात ती उत्तर समुद्रावरच्या हेलिकॉप्टरांत आली.

तरीही १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर सुपर प्यूमा जातीचे हेलिकॉप्टर पडले आणि आतील सोळाही जण मृत्युमुखी पडले. मिलर नावाच्या तेलविहिरीवरून ते परत येत होते. मुख्य गिअरबॉक्समधला एक छोटा गिअर थकव्याने तडकून फुटला होता. त्यातील एका गोष्टीने कारकून म्हणून आमची झोप उडवली. अपघाताच्या आठवडाभर आधी, २५ मार्चला, गिअरबॉक्सच्या तेलात ठेवलेल्या चुंबकी खुंटीवर धातूचा एक कण सापडला होता. गिअर झिजू लागला याची ती चिठ्ठीच होती. हेलिकॉप्टर चालवणारे आणि बनवणारे यांच्यात त्याविषयी फोन झाले, ई-मेल झाले. त्या बोलण्यात गैरसमज झाला आणि तो कण कशाची खूण आहे हे ओळखले गेले नाही, असे चौकशीत दिसून आले. त्यानंतर कोणत्याही यंत्रणेने पुन्हा इशारा दिला नाही.

सोळा माणसे! गिअरने एकदा सांगितले होते. ऐकणारेही होते. पण सांगणे आणि ऐकणे यांच्या मधल्या वाटेवर ते हरवले. त्या मधल्या वाटेवर जगात सगळीकडे आमच्यासारखी माणसे बसलेली असतात.

आणि यंत्रावरही सारे सोपवता येत नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेमध्ये बर्गन शहराजवळ तसेच एक हेलिकॉप्टर पडले, तेरा जण गेले. या वेळीही गिअरबॉक्समधला तसाच छोटा गिअर तडकला होता. त्याला प्लॅनेट गिअर म्हणतात, कारण असे अनेक गिअर मधल्या गिअरभोवती ग्रहांसारखे फिरतात. ते सेन्सरपासून सारखे जवळ-लांब होत असतात आणि एकाच वेळी अनेक दाते भिडत असतात, म्हणून एकाचे दुखणे वेगळे ऐकणे फार कठीण. शिवाय तेथे तडा पृष्ठभागाखालून वाढत गेला. त्यातून धातूचे कण फारसे सुटले नाहीत. चुंबकी खुंटीने सांगितले नाही आणि कंपनांच्या यंत्रणेनेही सांगितले नाही. म्हणजे कंपने मोजली की काळजी मिटली असे कुणी समजू नये. तेल पाहावे, कंपन पाहावे, कानाने ऐकावे, आणि या सर्वांचे म्हणणे एका जागी लिहून ठेवावे.

आम्हांला गिअर दुरुस्त करता येत नाही. लिहिता येते. म्हणून जानेवारी २०१९ मध्ये नवे रजिस्टर आले तेव्हा आम्ही पट्टी घेतली आणि शेवटी एक उभी रेघ ओढून रकाना केला. वर लिहिले, ‘कामगाराचे म्हणणे’. अभियंता साहेबांपुढे ठेवले तेव्हा ते म्हणाले, “अहो, हे तांत्रिक रजिस्टर आहे. यात ऐकीव गोष्टी कशाला?” आम्ही ते चार ठिपक्यांचे आलेख टेबलावर ठेवले आणि काकांचा ऑगस्टमधला विनोद झालेला निरोप सांगितला. आमची चूकही सांगितली. ते बराच वेळ आलेख पाहत राहिले. मग त्यांनी सही केली. त्यांनीच पुढे ठरवून दिले की मोजणी भाराखालीच व्हावी, नुसता एक आकडा न घेता रेघांचा पूर्ण आलेख घ्यावा आणि दर महिन्याचा आकडा मागच्या आकड्यांशेजारी मांडावा. पाळीवरच्या कामगाराला जे वाटेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे, कंत्राटी असला तरी.

पहिले काही महिने रकाना रिकामाच राहिला. बोलून काही होते यावर कंत्राटी माणसाचा विश्वास बसायला वेळ लागतो. मग हळूहळू नोंदी येऊ लागल्या. ‘तीन नंबर गरम वास.’ ‘एक नंबर थांबताना धक्का.’ २०२१ मध्ये रबर उचलणाऱ्या एका मुलाने लिहायला लावले, ‘तीन नंबर दळणासारखा घर्रर करतो.’ त्या आठवड्याच्या मोजणीत ५०० च्या दोन्ही बाजूंना रेघा दिसल्या, अंतर २५. सुट्टीच्या दिवशी पेटी उघडली. छोट्या गिअरच्या एका दात्याचा कोपरा उडालेला होता. सुटा गिअर आधीच मागवलेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला यंत्र सुरू झाले. एकाचाही दिवस बुडाला नाही.

नेहमीच असे झाले असे मात्र नाही. पुढच्या वर्षी अशाच तक्रारीवरून सगळी तयारी केली, आणि निघाला काय, तर पायाचा एक सैल बोल्ट. काही जण हसले. साहेब म्हणाले, “सैल बोल्ट सापडला हा तोटा आहे का?” आम्हांला ते फार आवडले.

ती मुलगी आता पुण्याकडे एका कारखान्यात देखभाल खात्यातच काम करते. आता छोटे बिनतारी सेन्सर निघाले आहेत, ते पेटीवर चिकटवले की दिवसरात्र मोजत राहतात आणि फोनवर इशारा येतो, असे ती सांगते. आम्ही तिला दर वेळी एकच विचारतो, “इशारा आला की पुढे तो कुणाकडे जातो, आणि त्याने काय केले हे कुठे लिहिले जाते?” ती हसते. “काका, तुमचा रकाना इथेही काढलाय,” म्हणते.

मिस्त्रीकाका २०२३ मध्ये निवृत्त झाले. आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटात काम करून त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला होता. शेवटची दोन वर्षे ते स्क्रू-ड्रायव्हर डाव्या कानालाच लावत. शेवटच्या दिवशी नारळ-शाल झाल्यावर ते आमच्या टेबलाशी आले आणि रजिस्टर मागितले. एरवी ते सांगत आणि आम्ही लिहीत असू. त्या दिवशी त्यांनी पेन स्वतः हातात घेतले आणि शेवटच्या रकान्यात सावकाश लिहिले, ‘दोन नंबर ठीक. तीन नंबर ठीक. एक नंबरचे तेल पाहावे.’ खाली सही केली.

आम्ही त्याच दुपारी एक नंबरचे तेल पाहायला लावले. ते खरोखरच काळे पडले होते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण कारखान्यांत, आगारांत, कचेऱ्यांत, पंपांवर काम करतात. कुणी यंत्राशेजारी उभे असते, कुणी आमच्यासारखे टेबलाशी. यंत्राशेजारी असाल तर आवाज बदलला की सांगा, आणि तोंडी सांगून थांबू नका, लिहून घ्यायला लावा. टेबलाशी असाल तर रजिस्टरात शेवटचा रकाना आहे का ते उद्या पाहा. नसेल तर एक पट्टी आणि एक पेन एवढेच लागते.